रड्यामागचा सूत्रधार : स्टॅन लॉरेल

मराठी घरांमध्ये लॉरेल आणि हार्डी या जोडगोळीला तिच्या मूळ नावांपेक्षा ‘जाड्या-रड्या’ या नावानेच अधिक लोक ओळखतात. जाड्या म्हणजे ऑलिव्हर हार्डी आणि रड्या म्हणजे स्टॅन लॉरेल. ताठ उभे राहिलेले केस खाजवणारा, काही बिनसले की लहान मुलासारखे तोंड वाकडे करून रडू लागणारा तो हडकुळा माणूस एकदा पाहिला की विसरता येत नाही. गंमत अशी की, ज्या रडण्यावरून आपण त्याचे बारसे केले, ते रडणे खुद्द लॉरेल यांना आवडत नसे. आपल्या साऱ्या लकबींपैकी तेवढी एक त्यांना खटके. पण प्रेक्षकांना ती हवी होती, म्हणून त्यांनी ती अखेरपर्यंत सांभाळली. पडद्यावर ज्याला साधे दारही धड उघडता येत नाही असा तो मूर्ख आणि त्याला घडविणारा कलावंत यांच्यात केवढे अंतर होते, हे लॉरेल यांचे चरित्र वाचताना ध्यानात येते.

त्यांचे मूळ नाव आर्थर स्टॅन्ली जेफरसन. इंग्लंडच्या वायव्येकडील अलव्हर्स्टन या छोट्या गावात, आजोळी, १६ जून १८९० रोजी त्यांचा जन्म झाला. वडील आर्थर जेफरसन हे नाट्यगृहांचे व्यवस्थापक आणि स्वतः नाटककार. आई मॅज ही अभिनेत्री. आईवडिलांच्या फिरतीमुळे स्टॅनचे बालपण बरेचसे आजीच्या घरी गेले. पुढे कुटुंब ग्लासगोला स्थिरावले. मुलाचे मन शाळेत रमत नव्हते. त्याला रंगमंच खुणावत होता आणि त्यातही त्याचा ओढा विदूषकीकडे होता.

१९०६ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ग्लासगोच्या ब्रिटानिया पॅनोप्टिकन या लहानशा रंगगृहात त्यांनी प्रथम पाऊल ठेवले. वडिलांना याचा पत्ता नव्हता. अंगावर मात्र वडिलांचेच कपडे होते. योगायोग असा की, त्या रात्री वडील प्रेक्षकांत बसलेले होते. रंगमंचावरून त्यांना पाहताच मुलाची पाचावर धारण बसली. पण घरी गेल्यावर अपेक्षित कानउघाडणी झालीच नाही. मुलाची वाट ठरली आहे, हे वडिलांनी ओळखले आणि त्याला त्या वाटेने जाऊ दिले.

त्या काळी इंग्लंडमध्ये ‘म्युझिक हॉल’ हे लोकरंजनाचे मोठे साधन होते. एकाच रात्री गाणी, नाच, कसरती, जादूचे खेळ आणि त्यांच्या जोडीला दहा-वीस मिनिटांची प्रहसने असा तो कार्यक्रम असे. या प्रहसनांचा बादशहा म्हणजे फ्रेड कार्नो. कार्नोच्या मंडळीत शब्दांपेक्षा शरीर बोलत असे. पडणे, धडपडणे, थबकणे, मागे वळून पाहणे यांतील प्रत्येक हालचाल मोजूनमापून बसवलेली असे. विनोदात घाईला जागा नाही आणि धसमुसळेपणाच्या मध्येच एखादा करुण क्षण आला तर हसू अधिक खोल उमटते, हे धडे तेथेच मिळत. लॉरेल या मंडळीत दाखल झाले तेव्हा तिचा अग्रणी नट होता चार्ली चॅप्लिन. लॉरेल त्याचे बदली नट झाले.

‘जिमी द फिअरलेस’ या प्रहसनातील मुख्य भूमिका सुरुवातीला चॅप्लिनने नाकारली, म्हणून ती लॉरेल यांच्याकडे आली. त्यांनी ती रंगवताच चॅप्लिनचे मन बदलले आणि भूमिका पुन्हा त्याच्याकडे गेली. लॉरेल यांनी याची कधी खंत बाळगली नाही. १९१० मध्ये कार्नोची मंडळी अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाली, तेव्हा दोघे एकाच जहाजातून गेले आणि दौऱ्यात एकाच खोलीत राहिले. खोलीत स्वयंपाकाला बंदी असे. लॉरेल गॅसच्या ज्योतीवर मांस तळत आणि तळण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून चॅप्लिन व्हायोलिन वाजवी, अशी आठवण लॉरेल पुढे सांगत. चॅप्लिनच्या १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात मात्र लॉरेल यांचे नावही नाही.

पहिला दौरा अर्ध्यावर सोडून लॉरेल मायदेशी परतले आणि १९१२ मध्ये कार्नोबरोबर पुन्हा अमेरिकेत आले. १९१३ च्या अखेरीस चॅप्लिन चित्रपटांत गेला. नाट्यगृहांच्या मालकांना चॅप्लिनच हवा असल्याने मंडळी मोडली. बाकीचे नट परतले. लॉरेल अमेरिकेतच राहिले. पुढची काही वर्षे त्यांनी तेथील रंगमंचावर छोटी प्रहसने करीत काढली. याच काळात मे डालबर्ग ही ऑस्ट्रेलियन अभिनेत्री त्यांची सहकारी आणि सहचारिणी झाली. स्टॅन जेफरसन या नावातील इंग्रजी अक्षरे तेरा भरतात आणि तेरा हा आकडा अशुभ, या समजुतीने दुसऱ्या आडनावाचा शोध सुरू झाला. पुस्तकातील एका रोमन सेनापतीच्या चित्रात त्याच्या मस्तकावर लॉरेलच्या पानांचा मुकुट होता. तो शब्द मे यांनी उचलला, असे सांगतात.

१९१७ पासून लॉरेल मूकपटांत दिसू लागले. पण दशकभर त्यांना स्वतःचा चेहरा सापडला नाही. येथे चेहरा हा शब्द अक्षरशः घ्यावयास हवा. त्यांचे डोळे फिकट निळे होते आणि तेव्हाच्या फिल्मवर निळा रंग जवळपास पांढरा उमटत असे. पुढे सर्व रंगांची नोंद घेणारी फिल्म आली, तेव्हा ही अडचण दूर झाली. तोवर लॉरेल यांनी अभिनयाचा नाद जवळजवळ सोडला होता. हाल रोच यांच्या स्टुडिओत ते विनोदी प्रसंग लिहीत आणि दिग्दर्शन करीत. हेच काम त्यांना अधिक भावू लागले होते.

१९२६ मध्ये एक किरकोळ अपघात घडला. त्याच स्टुडिओतील स्थूल देहाचे नट ऑलिव्हर हार्डी घरी स्वयंपाक करताना भाजले आणि त्यांची भूमिका करण्यासाठी लॉरेल यांना कॅमेऱ्यासमोर यावे लागले. त्यानंतर ते पुन्हा अभिनय करू लागले. १९२१ च्या सुमारास ‘द लकी डॉग’मध्ये हे दोघे योगायोगाने एकत्र दिसले होते, मात्र त्यांची जोडी म्हणून जुळणी झाली ती १९२७ मध्ये. या दोघांना एकत्र ठेवण्यात दिग्दर्शक लिओ मॅकॅरी यांचा मोठा वाटा होता.

हार्डी अमेरिकेच्या दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यातले. गळा गोड, वागणे अदबीचे आणि बोजड देहातही विलक्षण नजाकत. लॉरेल यांनी या देणग्यांचे मोल अचूक जाणले. त्या काळचे विनोदी मूकपट धावपळीने भरलेले असत. या जोडीने गती कमी केली. एकाने दुसऱ्याचे नुकसान करावे, दुसऱ्याने ते शांतपणे पाहत राहावे आणि मग तितक्याच शांतपणे परतफेड करावी, अशी त्यांची रीत होती. ‘बिग बिझनेस’ या १९२९ च्या मूकपटात नाताळची झाडे विकणारे हे दोघे एका गिऱ्हाइकाचे घर मोडतात आणि ते गिऱ्हाईक यांची मोटार मोडते. प्रत्येक जण आपली पाळी येईपर्यंत सभ्यपणे थांबतो, आणि हसू येते ते या थांबण्याचे.

‘रड्या’चे बाह्यरूपही लॉरेल यांनी विचारपूर्वक घडविले होते. चाल बेंगरूळ दिसावी म्हणून त्यांनी बुटांच्या टाचा काढून टाकल्या. एका चित्रपटात कैद्याच्या भूमिकेसाठी डोके भादरले होते. केस वाढू लागले तसे ते ताठ उभे राहिले, लोक हसले, म्हणून तेच रूप कायम झाले. चित्रीकरण संपले की हार्डी गोल्फ खेळायला जात आणि लॉरेल संकलनाच्या खोलीत शिरत. तयार झालेला चित्रपट आधी एखाद्या चित्रपटगृहात दाखवून प्रेक्षक कोठे आणि किती वेळ हसतात याची नोंद घेतली जाई. त्या हशात पुढचा संवाद बुडू नये, अशा बेताने दृश्ये पुन्हा कापली जात. पडद्यावर दिग्दर्शक म्हणून दुसऱ्याचे नाव येई. स्टुडिओत मात्र अखेरचा शब्द कोणाचा, हे सर्वांना ठाऊक होते. लॉरेल यांना हार्डींच्या सुमारे दुप्पट वेतन मिळे, आणि हार्डींना ते रास्त वाटे.

बोलपट आले तेव्हा मूकपटांतील अनेक नामवंत मागे पडले. या दोघांचे आवाज मात्र भूमिकांना चपखल बसले. परदेशांसाठी त्यांनी स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन भाषांतही काही चित्रपट केले. भाषा येत नसल्याने फळ्यावर उच्चार लिहून ते वाचत. एक अवजड पियानो लांबच लांब पायऱ्यांवरून वर नेण्याची कथा सांगणाऱ्या ‘द म्युझिक बॉक्स’ला १९३२ साली ऑस्कर मिळाले. विनोदी लघुपटांसाठीचे ते पहिलेच ऑस्कर होते.

पडद्याबाहेरचे आयुष्य मात्र विस्कटलेलेच राहिले. १९३० मध्ये त्यांचा मुलगा जन्मानंतर नऊ दिवसांतच गेला. लग्ने मोडली, पुन्हा झाली, पुन्हा मोडली. स्टुडिओशीही खटके उडत होते. दोघांचे करार वेगवेगळ्या वेळी संपतील अशी व्यवस्था असल्याने त्यांना एकजुटीने वाटाघाटी करता येत नव्हत्या. १९४० मध्ये त्यांनी रोच यांचा स्टुडिओ सोडला. मोठ्या कंपन्यांत अधिक स्वातंत्र्य मिळेल ही आशा होती; घडले उलटेच. १९४१ ते १९४५ या काळात झालेल्या आठ चित्रपटांत लॉरेल यांना ना लेखनात स्थान होते, ना संकलनात. दुसऱ्यांनी लिहिलेले जसेच्या तसे म्हणायचे, एवढेच काम उरले. ते चित्रपट पाहताना जाणवते की माणसे तीच आहेत, वेशही तोच आहे. फक्त सूत्रधाराला बाहेर उभे केले आहे.

अशा वेळी त्यांना आधार मिळाला तो जुन्या रंगमंचाचा. १९४७ मध्ये दोघे ब्रिटनच्या दौऱ्यावर गेले. वाहन परवान्यावरचे एक प्रहसन लॉरेल यांनी त्यासाठी सिद्ध केले होते. थोड्या आठवड्यांसाठी आखलेला दौरा अफाट गर्दीमुळे लांबत गेला. अलव्हर्स्टनला गावकऱ्यांनी आपल्या सुपुत्राला त्याच्या जन्मदाखल्याची प्रत भेट दिली. १९५२ मध्ये आणि पुन्हा १९५३-५४ मध्ये नवी प्रहसने घेऊन ते आले. सप्टेंबर १९५३ मध्ये त्यांचे जहाज आयर्लंडच्या कोव्ह बंदराला लागले, तेव्हा तेथील कॅथेड्रलच्या घंटांमधून त्यांच्या चित्रपटांची ओळखीची ‘कुकू’ धून वाजली. दोघांच्याही डोळ्यांत पाणी आले. त्या रडण्यात अभिनय नव्हता.

मे १९५४ मध्ये प्लिमथ येथे हार्डींना हृदयविकाराचा झटका आला आणि दौरा संपला. पुढच्या वर्षी लॉरेल यांना पक्षाघात झाला. त्यातून ते सावरले. पण १९५६ मध्ये हार्डींना आलेला झटका गंभीर होता. त्यांची वाचा गेली. ७ ऑगस्ट १९५७ रोजी हार्डी निवर्तले. प्रकृतीमुळे लॉरेल अंत्यविधीला जाऊ शकले नाहीत. यापुढे अभिनय करायचा नाही, असे त्यांनी ठरविले आणि तो निर्णय कोणत्याही आग्रहाला बळी न पडता पाळला.

अखेरची वर्षे त्यांनी पत्नी आयडा यांच्यासह सांता मोनिका येथे समुद्रासमोरच्या एका लहान सदनिकेत काढली. दूरध्वनीच्या पुस्तकात त्यांचा क्रमांक होता; कोणीही फोन करावा, कोणीही भेटीस यावे. डिक व्हॅन डाइक, जेरी लुईस यांच्यासारखे नवे विनोदी नट शिकायला येत. चाहत्यांच्या पत्रांना ते स्वतः टंकलेखन यंत्रावर उत्तरे लिहीत. जुने चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखवले जात. त्यांतून लॉरेल यांना पैसा मिळत नव्हता. त्यांना दुःख होते ते जाहिरातींसाठी चित्रपट वाटेल तसे कापले जात याचे. मोबदला न घेता ते पुन्हा नीट संकलित करून देण्याची तयारी त्यांनी दाखविली. कोणी दाद दिली नाही. १९६१ मध्ये त्यांना मानद ऑस्कर देण्यात आले. प्रकृतीमुळे ते स्वीकारायलाही त्यांना जाता आले नाही.

२३ फेब्रुवारी १९६५ रोजी, वयाच्या ७४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्या शेवटच्या काळातही त्यांचे लेखन थांबले नव्हते. हार्डी गेल्यानंतरची जवळजवळ आठ वर्षे ते दोघांसाठी नवी प्रहसने सुचेल तशी लिहीत राहिले. ती कधी होणार नाहीत, हे त्यांना पुरते ठाऊक होते. सारी सूत्रे ज्यांच्या हाती असत, त्या या कलावंताला एकट्यासाठी विनोद सुचत नव्हता. त्यांच्या मनात जाड्याची जागा शेवटपर्यंत राखून ठेवलेली होती.