छापा-काट्याचं कोडं सोडवणारे कोल्मोगोरोव्ह

रशियाचे गणितज्ञ आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांचा जन्म २५ एप्रिल १९०३ रोजी तांबोव्ह इथं झाला. बाळंतपणातच आई गेली. मावशीनं सांभाळलं, आडनावही आजोळचंच लागलं. वडील शेतीतज्ज्ञ होते, पण त्यांचा सहवास फारसा लाभला नाही.

१९२० मध्ये ते मॉस्को विद्यापीठात गेले. दिवस टंचाईचे होते. पहिल्या वर्षाच्या परीक्षा त्यांनी काही महिन्यांतच उरकल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मिळणारा महिन्याचा १६ किलो पाव अन् १ किलो लोणी त्यांना सुरू झालं.

१९३३ साली त्यांचं एक छोटं पुस्तक निघालं. विमा असो की जुगार, शक्यतेच्या हिशेबाला त्यांनी मोजक्या नियमांचा पक्का पाया दिला. जगभर आजही तोच चालतो.

पण एक कोडं उरलं होतं. नाणं २० वेळा उडवलं आणि दरवेळी छापाच पडला, तर लोक म्हणतात नाण्यात गडबड आहे. छापा-काटा मिसळून पडला तर कुणी काही बोलत नाही. गणित मात्र त्या दोन्ही क्रमांची शक्यता सारखीच सांगतं, १०,४८,५७६ मध्ये एक. मग संशय एकावरच का?

१९६२ मध्ये ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले होते. पुढच्याच वर्षी या विषयावरचा त्यांचा लेख तिथल्या 'संख्या' या नियतकालिकात छापून आला. १९६५ मध्ये त्यांनी उत्तर नीट मांडलं. 'वीसही छापे' हे दोन शब्दांत सांगून होतं. मिसळलेला क्रम सांगायचा तर एकेक फेक सांगावी लागते. जो क्रम कॉम्प्युटरलाही छोट्या प्रोग्रामनं काढता येत नाही, तोच खरा नशिबाचा.

त्यांच्याकडे शिकायला आलेल्या स्वीडनच्या पेर मार्टिन-लोफ यांनी १९६६ मध्ये हा विचार न संपणाऱ्या क्रमासाठी पक्का केला. असा क्रम जुने नियमही पाळतो. फेका वाढतील तसं छाप्याचं प्रमाण निम्म्याजवळ येतं. पण पुढची फेक ओळखायची युक्ती काही त्यातून निघत नाही.

२० ऑक्टोबर १९८७ रोजी मॉस्कोत त्यांचं निधन झालं. आकड्यांचे चार्ट घेऊन बसणाऱ्यांनी त्यांच्या गणितातलं एवढं ध्यानात ठेवावं. खेळ प्रामाणिक असेल तर मागच्या आकड्यांवरून पुढचा निघत नाही. आणि चार्टवरून तो खरंच निघत असेल, तर तो खेळ नशिबाचा नाही, कुणीतरी आधीच ठरवलेला आहे.