रक्षक एम्लेन टनेल

खेळाच्या मैदानावर गुण मिळविणाऱ्या खेळाडूचा जयजयकार होतो. प्रतिपक्षाला गुण मिळू न देणाऱ्या खेळाडूकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. रक्षणाचे हे काम करीतच कीर्तीच्या शिखरावर पोहोचलेला एक खेळाडू अमेरिकेत होऊन गेला. त्याचे नाव एम्लेन टनेल.

आपण ज्याला फुटबॉल म्हणतो, त्याहून अमेरिकन फुटबॉल हा खेळ अगदी निराळा आहे. त्यातील चेंडू लांबट व दोन्ही टोकांना निमुळता असतो. प्रत्येक संघाचे अकरा गडी मैदानात उतरतात. चढाई करणारा संघ चेंडू हातात घेऊन पळतो, किंवा पुढे धावणाऱ्या आपल्या गड्याकडे तो हाताने फेकतो. बचाव करणाऱ्यांनी चेंडू नेणाऱ्यास धरून खाली पाडावयाचे असते. फेकलेला चेंडू त्यांनी मध्येच झेलला, तर तो त्यांचा होतो. बचावाच्या अगदी मागच्या फळीत उभे राहणाऱ्यांना सेफ्टी म्हणतात. त्यांना चकवून कोणी पुढे निसटला, तर त्याला अडविण्यास मागे दुसरे कोणीच उरत नाही. एम्लेन हा असा सेफ्टी होता.

त्याचा जन्म २९ मार्च १९२४ रोजी फिलाडेल्फिया शहराजवळील ब्रिन मॉर या गावी झाला. शालेय शिक्षण आटोपून तो ओहायो राज्यातील टोलेडो विद्यापीठात दाखल झाला. तेथे १९४२ साली एका सामन्यात त्याच्या मानेचे हाड मोडले. दुसऱ्या एखाद्याने खेळाचा नादच सोडून दिला असता. पण एम्लेन त्याच हंगामात विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातून खेळला.

त्या वेळी दुसरे महायुद्ध चालू होते. एम्लेनने सैन्यात भरती होण्याचा प्रयत्न केला. परंतु मानेच्या दुखापतीमुळे भूदलाने आणि नौदलानेही त्याला नाकारले. अखेर १९४३ साली तटरक्षक दलाने त्याला घेतले. तो कृष्णवर्णीय होता. त्या काळी अमेरिकेत वर्णभेद फार तीव्र होता. सैनिकी जहाजांवर कृष्णवर्णीयांना बहुधा स्वयंपाकघरातील व वाढप्याची कामे देत. एम्लेनच्या वाट्यासही तेच काम आले.

एप्रिल १९४४ मध्ये त्याचे जहाज न्यू गिनीच्या किनाऱ्याजवळ उभे असताना जपानी विमानाने सोडलेला पाणतीर त्यावर येऊन आदळला. जहाजास आग लागली आणि एका सोबत्याचे कपडे पेटले. एम्लेनने क्षणाचाही विलंब न लावता नुसत्या हातांनी ती आग विझविली व त्याला उचलून सुरक्षित जागी नेले. या धडपडीत त्याचे स्वतःचे हात भाजले. पुढे १९४६ साली न्यू फाउंडलंड येथे एक खलाशी जहाजावरून समुद्रात पडला. पाणी बर्फासारखे थंड होते. एम्लेनने तात्काळ पाण्यात उडी घेतली आणि त्याला वाचविले. या दोन्ही पराक्रमांचा त्या वेळी फारसा गाजावाजा झाला नाही, आणि एम्लेननेही तो केला नाही.

युद्ध संपल्यावर तो आयोवा विद्यापीठात शिकू लागला व तेथील संघातून खेळू लागला. अमेरिकेत नॅशनल फुटबॉल लीग नावाची व्यावसायिक संघांची मोठी संघटना आहे. १९३४ ते १९४५ या बारा वर्षांत तिच्या एकाही संघात कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९४६ साली ते दार थोडेसे उघडले होते. तरी १९४८ साली कोणत्याही संघाने एम्लेनची निवड केली नाही. तेव्हा त्याने स्वतःच प्रयत्न करण्याचे ठरविले. केळी वाहून नेणाऱ्या एका ट्रकमध्ये जागा मिळवून तो न्यूयॉर्कच्या वाटेला लागला. न्यूयॉर्क जायंट्स संघाच्या कचेरीत जाऊन त्याने आपणास एक संधी द्यावी अशी विनंती केली. संघाचे मालक टिम मारा यांना त्याचे हे धैर्य आवडले. अशा रीतीने एम्लेन जायंट्स संघाचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू झाला.

१९५० साली क्लीव्हलंड ब्राउन्स हा बलाढ्य संघ या संघटनेत आला. चेंडू दूर फेकून झेलण्यात त्या संघाचा हातखंडा होता. त्याला रोखण्यासाठी जायंट्सचे प्रशिक्षक स्टीव्ह ओवेन यांनी बचावाची एक नवी रचना योजिली. मागच्या फळीतील चार गडी उघडलेल्या छत्रीच्या काठाप्रमाणे अर्धवर्तुळात पसरून उभे राहत. म्हणून या रचनेस छत्री असेच नाव पडले. एम्लेन या छत्रीचा आधारस्तंभ होता. त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरच्या सामन्यात ब्राउन्सला एकही गुण मिळाला नाही आणि जायंट्सने ६-० असा विजय मिळविला. ब्राउन्स संघाच्या इतिहासात असे पूर्वी कधीच घडले नव्हते.

एम्लेन चपळ तर होताच, पण त्याचे खरे बळ त्याच्या निरीक्षणात होते. प्रतिपक्षाच्या खेळाडूंच्या सवयी तो बारकाईने पाही आणि चेंडू कोठे पडणार हे आधीच ताडून तेथे पोहोचे. झेललेला किंवा लाथेने उडवून आलेला चेंडू घेऊन तो वाऱ्यासारखा उलट धावत सुटे. १९५२ साली अशा धावांत त्याने ९२४ यार्ड अंतर कापले. त्या वर्षी चढाईत चेंडू घेऊन पळणाऱ्यांत जो पहिला आला, त्याचे अंतर ८९४ यार्ड होते. बचाव करणाऱ्याने चढाई करणाऱ्यास अशा प्रकारे मागे टाकावे, हे एक नवलच होते.

१९५६ साली जायंट्सने अजिंक्यपद मिळविले, त्यात एम्लेनचा वाटा होता. १९५९ साली प्रशिक्षक व्हिन्स लोम्बार्डी यांनी त्याला आपल्या ग्रीन बे पॅकर्स संघात नेले. आता तो पस्तिशीत पोहोचला होता. तेथे विली वुड नावाचा एक तरुण कृष्णवर्णीय खेळाडू आला. एम्लेनप्रमाणेच त्यालाही कोणत्या संघाने निवडले नव्हते. वुड याच जागेवर खेळू पाहत होता. तरीही एम्लेनने हातचे काही राखून न ठेवता त्याला आपली विद्या दिली. पुढे वुड स्वतः नामांकित सेफ्टी झाला. १९६१ साली पॅकर्सला अजिंक्यपद मिळाले आणि एम्लेनने खेळातून निवृत्ती घेतली. चौदा वर्षांत त्याने प्रतिपक्षाचे ७९ चेंडू झेलले होते. हा विक्रम १९७९ सालापर्यंत अबाधित राहिला.

पुढे तो जायंट्स संघात परतला आणि १९६५ साली मागच्या फळीचा प्रशिक्षक झाला. त्या वेळी कृष्णवर्णीय प्रशिक्षक जवळजवळ नव्हतेच. त्याच वर्षी कार्ल लॉकहार्ट नावाचा एक नवखा खेळाडू संघात आला. निवडीच्या यादीत त्याचे नाव फार खाली होते. तो प्रतिस्पर्ध्याला कोळ्यासारखा चिकटून राहतो, हे एम्लेनच्या नजरेने हेरले. एम्लेनने त्याचे नाव कोळी या अर्थी स्पायडर असे ठेवले व त्याला घडविले. लॉकहार्ट पुढे संघाचा भरवशाचा रक्षक झाला आणि ते नाव त्याला जन्मभर चिकटले.

१९६७ साली अमेरिकन फुटबॉलच्या कीर्तिमंदिरात एम्लेनला स्थान मिळाले. केवळ बचावाच्या खेळासाठी हा मान मिळविणारा तो पहिला खेळाडू, आणि पहिला कृष्णवर्णीयही. २३ जुलै १९७५ रोजी, संघाच्या सराव शिबिरातच, हृदयविकाराने त्याचा अंत झाला.

समुद्रावरील त्याच्या कामगिरीची दखल मात्र फार उशिरा घेतली गेली. २०११ साली तटरक्षक दलाने त्याला जीवरक्षणाचे रौप्यपदक मरणोत्तर बहाल केले. २०२१ साली त्याचे नाव दिलेले दलाचे एक नवे जहाज सेवेत दाखल झाले. मैदानावरील त्याचे विक्रम पुढे इतरांनी मोडले. विक्रम हे मोडण्यासाठीच असतात. परंतु आगीतून आणि पाण्यातून त्याने परत आणलेले दोन जीव, आणि आपली विद्या देऊन उभे केलेले तरुण खेळाडू, ही त्याची कमाई कोणालाही पुसता येणार नाही. दुसऱ्याच्या पाठीशी न बोलता उभे राहणे हा खऱ्या रक्षकाचा धर्म होय, आणि तो एम्लेन टनेलने जन्मभर पाळला.