अधिकाराला आयुध देणारे भीमराव

अहिल्यानगरलगतच्या केडगावी श्रीरेणुकामातेच्या दर्शनास नवरात्रात भाविकांची रीघ लागते. आज विजयादशमी. जगन्मातेच्या हाती आयुधे का, याचे चिंतन या दिवशी अवश्य करावे. केवळ शुभेच्छेने दुर्बळाचे रक्षण होत नाही. रक्षणाला साधन लागते. हे तत्त्व राज्यव्यवहारात उतरविणारे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे चरित्र आज आम्ही निरूपणास घेत आहोत.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत सुभेदार रामजींच्या पोटी त्यांचा जन्म झाला. शाळेत त्यांना संस्कृत शिकावयाचे होते. परंतु जातीमुळे ते नाकारले गेले आणि त्यांना फार्सी घ्यावी लागली. ज्या विद्येवर आमचा योगक्षेम चालला, तिचे दार एका तृषार्त बालकासाठी बंद झाले, ही गोष्ट आम्हां संस्कृतज्ञांस खाली मान घालावयास लावणारी आहे. पुढे त्यांनी स्वप्रयत्नाने संस्कृत साध्य केले आणि १९४९ साली ती राजभाषा व्हावी या सूचनेस पाठिंबाही दिला.

सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते अमेरिकेस गेले. कोलंबिया व लंडन येथील उच्च पदव्या मिळवून ते परतले. तथापि स्वदेशी अस्पृश्यता तशीच होती. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला होता, पण अस्पृश्यांस तेथे पाणी भरता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी भीमरावांनी अनुयायांसह ते पाणी प्राशन केले. त्यावरून उद्भवलेल्या दाव्याचा उच्च न्यायालयातील निकाल त्यांच्या बाजूने लागावयास १९३७ साल उजाडले. नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी २ मार्च १९३० रोजी आरंभिलेला सत्याग्रह तर वर्षानुवर्षे चालूनही द्वार उघडले नाही. कागदावरचा अधिकार आणि ओंजळीतले पाणी यांतील अंतर त्यांनी असे स्वतः मोजले होते.

२९ ऑगस्ट १९४७ रोजी घटना समितीने मसुदा समिती नेमली व तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना, शासनाच्या स्थैर्यापेक्षा त्याच्या उत्तरदायित्वास आपण अधिक महत्त्व दिले, असे त्यांनी विशद केले. म्हणून मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार राहते; कायदे संसद करते; आणि मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा तेवढ्यापुरता निरर्थक ठरतो. अनुच्छेद १४ सर्वांस कायद्यापुढे समान मानतो, तर १७ अस्पृश्यता नष्ट करतो. पण महाडचा अनुभव असलेल्या पुरुषाने एवढ्यावर समाधान मानले नाही. हक्कभंग होताच नागरिकास थेट सर्वोच्च न्यायालयाकडे जाता यावे, ही तरतूद अनुच्छेद ३२ मध्ये आहे. अटकेतील व्यक्तीस आपल्यापुढे उपस्थित करा, असा आदेशही न्यायालय त्याखाली देऊ शकते. संविधानाचे हृदय व आत्मा ते यालाच मानीत.

या आयुधाचे मोल आमच्या नगरास सांगावयास नको. येथल्याच भुईकोट किल्ल्यात १९४२ पासून पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद प्रभृती नेते खटल्याविना स्थानबद्ध होते. पुढे हे तिघेही घटना समितीत बसले. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी ३९५ अनुच्छेद व ८ परिशिष्टे असलेले संविधान स्वीकृत झाले आणि २६ जानेवारी १९५० पासून अंमलात आले.

स्त्रियांस वारसा व घटस्फोटाचे हक्क देऊ पाहणारे हिंदू संहिता विधेयक रखडले, तेव्हा १९५१ साली त्यांनी मंत्रिपदाचा त्याग केला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीलाच, नागपूर येथे लाखो अनुयायांसह त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महानिर्वाण झाले.

त्यांनी आमचा पंथ सोडला, मग देवीच्या उत्सवात त्यांचे आख्यान कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर सरळ आहे. ज्या अनुच्छेद २५ च्या आधाराने नागपुरास दीक्षा होते, त्याच्याच आधाराने केडगावी घट बसतो. आणि तोच अनुच्छेद सार्वजनिक स्वरूपाची हिंदू मंदिरे सर्व हिंदूंस खुली करणारा कायदा करण्याची मुभा राज्यास देतो. आज रेणुकामातेच्या गाभाऱ्यासमोर कोणाची जात पुसली जात नाही, यात या पुरुषाच्या तपाचा मोठा वाटा आहे.

भाविकहो, आज शस्त्रपूजन करताना संविधानाची प्रतही पाटावर ठेवावी. मात्र ती पुजून मिटू नये, उघडून वाचावी.