मदत नव्हे, देणे

हवामान बदलाच्या जागतिक परिषदांमधून देणेकरी कोण आणि घेणेकरी कोण, हा वाद वारंवार उपस्थित होतो. श्रीमंत राष्ट्रे ज्याला मदत म्हणतात, त्याला गरीब राष्ट्रे देणे म्हणतात. हा निव्वळ शब्दच्छल नव्हे. मदत देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते; देण्याचा हिशेब मागता येतो. राष्ट्राराष्ट्रांतील व्यवहाराला हा हिशेब लावण्यात दादाभाई नौरोजींनी आपले आयुष्य वेचले.

१८२५ साली गरीब पारशी कुटुंबात जन्मलेल्या दादाभाईंचे वडील ते चार वर्षांचे असतानाच निवर्तले. शिक्षण मोफत झाले. ज्या गरिबांच्या पैशावर आपण शिकलो त्यांचे ऋण फेडले पाहिजे, ही जाणीव त्यांना तेव्हापासूनच होती. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात ते गणिताचे प्राध्यापक झाले आणि १८५५ साली व्यापारासाठी इंग्लंडला गेले.

१८६६ च्या ओरिसातील दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये वाचलेल्या निबंधात दादाभाईंनी इंग्लंड हिंदुस्थानचे किती देणे लागते, हा प्रश्न मांडला. हिंदुस्थान इंग्लंडच्या उपकारांखाली आहे, असे मानणाऱ्या श्रोत्यांसमोर त्यांनी जमाखर्चाची वहीच उलटी धरली. निवृत्तिवेतने, अधिकाऱ्यांचे पगार आणि कर्जावरील व्याज या वाटांनी संपत्ती देशाबाहेर जात होती आणि मोबदल्यात काहीच परत येत नव्हते.

१८७६ च्या निबंधात त्यांनी प्रांतवार पिके व भाव तपासून दरडोई वार्षिक उत्पन्न वीस रुपये ठरविले. बहुतेक प्रांतांत कैद्याच्या अन्नवस्त्रावरचा सरकारी खर्चही याहून अधिक होता. सरकारी अधिकाऱ्यांनी आकडा खोडण्याचा यत्न केला. पण १८८२ चा त्यांचा स्वतःचा अंदाजही सत्तावीस रुपयांपलीकडे गेला नाही. १८९२ साली दादाभाई अवघ्या पाच मतांनी ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आले. पुढे हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगाचे ते सदस्य झाले आणि त्यापुढे साक्षीदार म्हणूनही उभे राहिले. १९०१ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९१७ साली ते निवर्तले. देणे मात्र फिटले नाही.

आज वही तीच आहे, केवळ खाते नवे. १७५० पासून कोळसा व तेल जाळून हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे चतुर्थांश वाटा एकट्या अमेरिकेचा आहे; भारताचा तीन-चार टक्के. २००९ साली कोपनहेगन येथे श्रीमंत राष्ट्रांनी २०२० पर्यंत वर्षाला दहा हजार कोटी डॉलर उभे करण्याचे वचन दिले. त्यांच्याच संघटनेच्या हिशेबाप्रमाणे ते २०२२ मध्ये पुरे झाले आणि त्यातील सरकारी पैशाचा मोठा भाग कर्जरूपाने होता. देणेकऱ्यानेच घेणेकऱ्याला कर्ज द्यावे, या न्यायाचे दादाभाईंना नवल वाटले नसते.

परंतु त्यांचे गणित आपल्यालाही सोडत नाही. वीस रुपये ही सरासरी असून वरचे वर्ग अधिक घेतात, म्हणून गरिबाच्या वाट्याला तेवढेही येत नाही, हे त्यांनीच बजावले होते. भारताचे दरडोई उत्सर्जन कमी आहे हे खरे. त्या सरासरीआड शहरी श्रीमंत आणि कोरडवाहू शेतकरी एकाच रांगेत उभे राहतात. जगाकडे देणे मागणाऱ्या देशाने आपल्या घरातील ही वहीही उघडली पाहिजे. तरच मागणीला दादाभाईंच्या हिशेबाचे नैतिक बळ लाभेल.