गॅसबत्तीच्या जाळीमागचा शास्त्रज्ञ

वीज येण्यापूर्वी राहाता परिसरातल्या गावांत लग्नाची वरात आणि रात्रीचे कीर्तन गॅसबत्तीच्या उजेडात होत असे. बत्तीत बांधलेली नवी जाळी पहिल्यांदा पेटवली की सूत जळून जाई आणि हात लावताच भुगा होणारा पांढरा सांगाडा उरे. सिरॅमिक ऑक्साइडच्या धाग्यांचा हा सांगाडाच तापून लख्ख उजेड देई. त्याचे जनक कार्ल आउअर फॉन वेल्सबाख.

त्यांचा जन्म १ सप्टेंबर १८५८ रोजी व्हिएन्नात झाला. हायडेलबर्गला रॉबर्ट बुन्सेन यांच्याकडे ते वर्णपटावरून मूलद्रव्ये ओळखायला शिकले. १८८५ मध्ये त्यांनी एकच समजल्या जाणाऱ्या ‘डिडिमियम’मधून प्रासिओडिमियम आणि निओडिमियम ही दोन मूलद्रव्ये वेगळी केली. त्याच वर्षी त्यांनी जाळीचे पेटंट घेतले. धातूंच्या क्षारांच्या द्रावणात सूत भिजवायचे, वाळवायचे आणि जाळायचे. मागे सुताच्याच आकाराचे ऑक्साइड उरते.

पण ही जाळी ठिसूळ होती आणि तिचा उजेड हिरवट पडे. खप होईना, म्हणून १८८९ मध्ये कारखाना बंद पडला. वेल्सबाख पुन्हा प्रयोगशाळेत शिरले. थोरियम जितके शुद्ध करावे तितका उजेड मंद होत असल्याचे त्यांना दिसले. काढून टाकलेल्या अशुद्धीतले सेरियमच उजेड देत होते. १८९१ मध्ये ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सेरियम ऑक्साइड असे प्रमाण ठरले आणि जाळी जगभर पोहोचली. पुढे १९०३ मध्ये त्यांनी लायटरचा ठिणगी देणारा खडाही शोधला. ४ ऑगस्ट १९२९ रोजी त्यांचे निधन झाले.

थोरियम किरणोत्सारी असल्याचे १८९८ मध्ये कळले. त्यामुळे आज अनेक जाळ्यांत यिट्रियम वापरतात. घरात जुनी जाळी असेल तर तिच्या राखेवर फुंकर मारू नये. ओल्या फडक्याने ती टिपून हात धुवावेत. धोका मुख्यतः श्वासावाटे आत जाणाऱ्या धुळीचा असतो.

आज केसाच्या शेकडो पट बारीक ऑक्साइड तारा बनवण्याची एक पद्धत याच वाटेने जाते. धातूचा क्षार मिसळलेला पॉलिमरचा धागा ओढतात आणि भट्टीत पॉलिमर जाळून टाकतात. मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने जाडी, क्ष-किरणांनी स्फटिकरचना आणि वर्णपटाने अशुद्धी तपासतात. वायू ओळखणाऱ्या संवेदकांत अशा तारा उपयोगी पडतात, आणि तिथेही मिसळलेला एखादा टक्का सगळा गुण बदलू शकतो.