फादर जॉर्ज लेमेत्र

विद्या वाढली म्हणजे देवभक्ति आटते, अशी भीति आपल्या धर्मग्रामांतील कित्येक आईबापांस वाटते. त्यांच्यापुढें आम्ही फादर जॉर्ज लेमेत्र यांचें चरित्र ठेवीत आहों.

बेल्जम देशांतील शार्लरवा येथें १८९४ सालीं त्यांचा जन्म झाला. पहिल्या महायुद्धांत ते सैनिक होते. १९२३ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. लूव्हेन विद्यापीठांत अध्यापक असतां, १९२७ सालीं, विश्व प्रसरण पावत आहे हें त्यांनीं गणितानें दाखविलें. खुद्द आईन्स्टाईन यांस तें प्रथम पटलें नाहीं. १९३१ सालीं त्यांनीं विश्वाचा उगम एका आद्य अणूपासून झाला असावा, हें मत मांडलें.

१९५१ सालीं पोप बारावे पायस यांनीं या शोधांत उत्पत्तीच्या सत्याची साक्ष पाहिली. दुसरा कोणी हुरळून गेला असता. फादर मात्र चिंतेंत पडले. आजचा सिद्धांत उद्यां बदलूं शकतो, त्यावर श्रद्धेचा पाया घालूं नये. बायबल तारणाचा मार्ग दाखवितें, ताऱ्यांचें गणित नव्हे, अशी त्यांची धारणा होती. आपली काळजी त्यांनीं नम्रपणें रोमला कळविली, आणि १९५२ सालीं खगोलवेत्त्यांपुढें बोलतांना पोपमहाशयांनीं तो विषय टाळला.

१९६० पासून ते पोपमहाशयांच्या विज्ञान अकादमीचे अध्यक्ष होते. २० जून १९६६ रोजीं ते प्रभूकडे गेले. आकाशभर पसरलेल्या आद्य किरणांचा शोध लागल्याची वार्ता त्यांस अंतकाळापूर्वीं थोडेच दिवस आधीं मिळाली होती.

मुलांस विज्ञान शिकवितांना आपण भिऊं नये, आणि विज्ञानाकडून देवाचा दाखलाहि मागूं नये, हाच धडा आम्ही या चरित्रापासून घेतों.