संडास साफ करता यावा म्हणून तुरुंगात अन्न सोडणारे अप्पासाहेब पटवर्धन

साल १९३२. रत्नागिरीच्या तुरुंगातल्या एका राजबंद्याने संडास साफ करायचं काम मागितलं. हे काम ठरावीक जातीचंच, म्हणून नकार मिळाला. त्याने अन्न सोडलं. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही त्याच्यासाठी उपोषण धरलं.

हा कैदी म्हणजे कोकणचे गांधी, अप्पासाहेब पटवर्धन. जन्म १८९४ चा, शिक्षण एम.ए.

१९४८ मध्ये त्यांनी कणकवलीत गोपुरी आश्रम सुरू केला. माणसाने मैला उचलायची वेळच येऊ नये, हा त्यांचा ध्यास होता. त्यासाठी मैल्यापासून सोनखत करण्याचे प्रयोग त्यांनी केले.

यामागचं विज्ञान सोपं आहे. खड्ड्यात मैल्यावर माती आणि पालापाचोळा टाकला की जिवाणू तो कुजवतात. तो नीट तापला आणि पुरेसे महिने मुरला की रोगजंतू मरतात, दुर्गंधी जाते आणि खत उरतं. बंद टाकीत हवेशिवाय कुजवला तर मिथेन मिळतो, त्यावर चूल पेटते. आजचे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पही जिवाणूंनाच कामाला लावतात.

१९७१ मध्ये अप्पासाहेब गेले. गटारात उतरलेली माणसं मात्र आजही विषारी वायूने गुदमरून मरतात. जिवाणूंचं काम अजूनही माणसाकडून करून घेतलं जातंय.